ड्रिलच्या बाईंची ताईची

आमच्या शाळेतल्या ड्रिलच्या बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत. शिक्षकाला त्याच्या विषयानं बोलवायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. "भूगोल, तुमची मुलं पाणी प्यायला गेली ती अजून परत आलेली नाहीत." "गणित, पाठीला पोक येतंय, सरळ बसा." मी मराठी शिकवायचे, म्हणून मी 'मराठी'. मुख्याध्यापक तास घेत नसत, त्यामुळे त्यांना विषयच नव्हता. त्यांना बाई 'ऑफिस' म्हणत. तेही तोंडावर. "ऑफिस, मैदानावर खडी पडलीय, उचलायला सांगा." आणि मुख्याध्यापक निमूटपणे शिपायाला हाक मारत.

मी पालघरच्या त्या शाळेत लागले तेव्हा बाईंची पन्नाशी जवळ आली होती. उंच, हडकुळ्या, सावळ्या. पांढरी सुती साडी चापूनचोपून नेसलेली, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट, आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी. ही शिट्टी त्या शाळा सुटल्यावरही काढत नसत. बँकेत रांग वाकडी झाली की वाजवत. एकदा आमच्या भूगोलाच्या सरांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढप्यांचा गोंधळ झाला. जिलबी आधी आली, भात मागून. बाई उभ्या राहिल्या, शिट्टी मारली आणि सगळ्या वाढप्यांना भिंतीशी एका ओळीत उभं केलं. व्याही मंडळी घाबरून ताटांवरून उठली होती, ती परत बसली. जेवणं मात्र झटपट आटोपली.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "बघायला यायचे ते सगळे वाकून बसायचे."

राहायला त्या माकुणसारला. भावाचं घर शेजारी, आणि यांचं दोन खोल्यांचं वेगळं, मागे पानवेलींची वाडी. सकाळी माकुणसारहून केळवा रोड स्टेशनपर्यंत त्या चालत येत, तिथून शटल पकडून पालघरला. वाटेत टांगेवाला भेटला तर तो विचारायचा, "बाई, बसता का?" त्यावर बाई म्हणत, "नको, आज घाईत आहे," आणि टांग्याला मागे टाकून पुढे जात. टांगेवाले स्वतःच ही गोष्ट सांगत असत, तेव्हा ती खोटी नसावी.

शरीराबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "शरीर म्हणजे वर्गातलं द्वाड मूल. त्याला विचारत बसलात की ते बहाणे सांगतं. विचारायचं नाही. हुकूम द्यायचा." मुलींच्या पोटात दुखो, पायात काटा जावो, बाईंचं उत्तर ठरलेलं असे: "ऊठ." मुली त्यांना टरकून असत आणि तरीही शाळा सोडून गेल्यावर भेटायला फक्त त्यांनाच येत.

एका प्रजासत्ताक दिनी मला पहिल्यांदा कळलं की हे हुकूम आता चालेनासे झालेत. झेंडावंदन झालं, संचलन झालं, मुलं लाडवांच्या रांगेकडे पळाली. बाई मात्र झेंड्याच्या ओट्यावरच ताठ उभ्या. मला वाटलं, झेंड्याची राखण करतायत. तेवढ्यात त्यांनी ओठ न हलवता मला हाक मारली.

"मराठी, इकडे ये. माझ्या डाव्या बाजूला उभी राहा. मी खांद्यावर हात ठेवते."

"काय झालं, बाई?"

"गुडघे धरलेत. दोन पायऱ्या उतरायच्यात. आणि हसत बोल काहीतरी, मुलं बघतायत."

मग आम्ही दोघी कशालाच हसत नव्हतो आणि तरी मोठमोठ्यानं हसत त्या दोन पायऱ्या उतरलो. माझ्या खांद्यावरची त्यांची पकड इतकी घट्ट होती की संध्याकाळी तिथं वळ दिसत होते.

त्यानंतर त्यांच्या हातात काठी आली. पण तिला काठी म्हटलेलं त्यांना चालत नसे. मुलींच्या लाठीकाठीच्या संचातली ती एक लाठी होती. "हे शाळेचं साहित्य आहे," असं त्या बजावून सांगत. टांग्यात मात्र बसू लागल्या. टांगेवाल्यांनी याविषयी एकही शब्द काढला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

तेव्हा पालघरच्या बाजारात दातांचे एक चिनी डॉक्टर होते. चिनी म्हणायचं ते चेहऱ्यावरून आणि पाटीवरून. जन्म मुंबईचा, धंदा वडिलांपासूनचा, आणि मराठी आपल्यासारखीच. "आ करा, अजून मोठा आ करा, गिळू नका," हे ते इतक्या प्रेमानं म्हणत की पोरंसुद्धा आ करत. त्यांची म्हातारी आई त्यांच्याजवळ राहत असे. ती हिंदी बोलायची, तीही स्वतःची, व्याकरण गुंडाळून ठेवलेली.

बाईंचे खालचे दात पडायला आले होते, म्हणून कवळीसाठी त्या या डॉक्टरांकडे गेल्या. पुढची हकिकत मला डॉक्टरांनीच सांगितली. त्यांनी बाईंच्या तोंडात साचा घेण्यासाठी मसाला भरलेली पत्र्याची ताटली बसवली आणि सांगितलं, "घट्ट होईपर्यंत हलायचं नाही." दवाखान्याचं मागचं दार उघडं होतं. अंगणात कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या मधल्या जागेत डॉक्टरांची आई काहीतरी करत होती. एक हात वर जात होता, दुसरा खाली येत होता, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सरकत होता, आणि हे सगळं इतकं सावकाश की बाईंना आधी वाटलं, म्हातारीला चक्कर येतेय. मग त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. सुजलेले, गाठाळलेले गुडघे, अगदी बाईंच्या गुडघ्यांसारखे. आणि त्याच गुडघ्यांवर म्हातारी तोल सांभाळून हळूच खाली जात होती आणि तशीच वर येत होती. चेहऱ्यावर कळ नाही.

बाई खुर्चीतून उठल्या. डॉक्टर ओरडले, "अहो बाई, साचा बिघडेल!" बाई तोंडात ताटली घेऊन तशाच मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणायचे, बाईंनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा कुणाचा व्यायाम काही न सुधारता शेवटपर्यंत पाहिला असेल, कारण बोलायची सोयच नव्हती.

साचा बिघडला. पुढच्या खेपेला पुन्हा बिघडला. कारण तेच.

शेवटी म्हातारीनंच विचारलं, हे कोण सारखं दारात येऊन उभं राहतं? डॉक्टरांनी सांगितलं, शाळेत कसरत शिकवतात, गुडघे गेलेत, तुझ्याकडून शिकायचं म्हणतात. म्हातारीनं बाईंना अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मग मान हलवली.

"तुम गुस्से से चलता है," ती म्हणाली. "पैर को मारता है. पैर भी तुमको मारता है."

नाव विचारायच्या भानगडीत ती पडलीच नाही. गळ्यातल्या शिट्टीकडे बोट दाखवून म्हणाली, "ए सीटी. कल आओ." जगाला विषयांच्या नावानं हाक मारणाऱ्या बाई त्या अंगणात कायमच्या 'सीटी' झाल्या.

पहिले कितीतरी दिवस म्हातारीनं त्यांना नुसतं उभं केलं. शाळा सुटली की बाई दवाखान्याच्या मागे जात आणि दोऱ्यांखाली उभ्या राहत. मी एकदा बरोबर गेले होते. म्हातारी स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती आणि मधूनच म्हणत होती, "कंधा नीचे. घुटना ढीला. दात काय को दबाता?" परतताना स्टेशनजवळ आल्यावर बाई म्हणाल्या,

"आयुष्यभर पोरींना उभं राहायला शिकवलं गं मी. आणि ही म्हणते, मला उभं राहता येत नाही."

"मग?"

"मग काय? नाहीच येत."

त्याच वर्षी माझी बोटं धरायला लागली. तेव्हा माझं वय तिशीच्या थोडं पुढे. आधी वाटलं, थंडीनं होत असेल. मग सकाळी ब्लाउजची बटणं लागेनात, वेणी घालता येईना. वहिनी माझी वेणी घालायची आणि मी आरशात न बघता बसायचे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आमवात असल्याचं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण सकाळ काही उजाडायची नाही. शरीर लाकडासारखं व्हायचं, ते सुटायला दुपार होई. वर्गात हातातून खडू पडला की पहिल्या बाकावरची मुलगी तो उचलून द्यायची. दिवसातून इतक्यांदा पडायला लागला की मुली आपसांत पाळी लावून उचलायला लागल्या. एकदाही कुणी हसलं नाही, त्यामुळे अधिकच रडू यायचं.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "रजा घ्या. जूनमध्ये बघू. पण बाई, फळ्यावर लिहिताच येत नसेल तर मराठीची मला दुसरी सोय करावी लागेल." त्यांचं चूक नव्हतं. मी घरी आले, अंथरूण धरलं, आणि ते सोडायचं काही कारणच मला दिसेना.

एका रविवारी सकाळी दारात लाठी आपटल्याचा आवाज आला. "मराठी कुठाय?" वहिनी लगबगीनं बाजूला झाली. बाई खुर्ची ओढून माझ्या अंथरुणाशी बसल्या.

"कुठं दुखतं?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे तू काहीच सांगितलं नाहीस. एकेक सांग."

मी चिडून एकेक सांधा सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी वाटच बघत होते की आता 'ऊठ' म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "उजव्या हाताचा अंगठा. त्याला विचार, हलतोस का. हुकूम नाही द्यायचा, विचारायचं. नाही म्हणाला तर थांब. श्वास घे. परत विचार."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे बाईच बोलतायत का?

"अशी बघू नकोस," त्या म्हणाल्या. "मलाही हे म्हातारीनंच शिकवलंय. मला अजून नीट येत नाही. पण तुझ्यापेक्षा चार दिवस पुढे आहे."

अंथरुणात पडल्या पडल्याच माझी सुरुवात झाली. अंगठा, मग बोटं, मग मनगट. पुढे उठून बसणं, खुर्चीतून हात फिरवणं. थोड्या दिवसांनी बाईंनी मला माझ्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्या दवाखान्यात, बाकावर बसलेल्या रोग्यांच्या समोर, सगळा प्रकार करून दाखवला. डॉक्टर हसले, पण बघत राहिले. म्हणाले, "गोळ्या सोडायच्या नाहीत. सूज असेल त्या दिवशी विश्रांती. दुखलं की थांबायचं. एवढं पाळत असाल तर करा. सांधे हलते राहिलेले बरेच." बाई म्हणाल्या, "म्हातारीही हेच म्हणते." डॉक्टरांना कोण म्हातारी ते कळलं नाही.

मला चालता-फिरता यायला लागल्यावर मी रविवारी माकुणसारला जायला लागले. बाईंच्या अंगणात तोवर आणखी चारपाच जणी जमू लागल्या होत्या. त्यात एक सुकटवाली मावशी होती, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव सुके बोंबील आणि जवळा विकलेला, त्यामुळे गुडघे पार गेलेले. पहिल्या दिवशी ती नुसती बघायला आली होती.

"बाय, ह्या काय चाललाय तुमचा?"

"ताई ची," बाई म्हणाल्या.

"कोनच्या ताईची?"

"अगं, ताईची नव्हे. ताई ची. चीनची कसरत आहे."

"चीनमदली ताई? तिचं पन गुडगं दुकतात?"

"दुखतात."

"मंग मी येतंय," मावशी म्हणाली आणि पाटी भिंतीशी ठेवून ओळीत उभी राहिली. गावात त्या दिवसापासून त्या कसरतीचं नाव 'ताईची' पडलं ते पडलंच.

म्हातारीनं हालचालींची चिनी नावं सांगितली होती, पण ती कुणाच्या जिभेवर बसेनात. बाईंनी नवी नावं दिली. वाकून हात पुढे न्यायचा ते 'पान खुडणं', कारण मागे पानवेलीच होत्या. दोन्ही हात गोल फिरवून जवळ घ्यायचे ते 'जाळं ओढणं'. आणि एका हातानं हवेत हळूच गोल करायचं, ते माझ्यासाठी, 'फळा पुसणं'. मावशी फळा पुसताना मान वाकडी करून विचारायची, "मराठी, झाला का गो साफ?" ती जन्मात शाळेत गेली नव्हती.

आणि मग बाईंचं मूळ रक्त उसळलं.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांना काहीतरी नवीन हवं होतं. त्यांनी बाईंना विचारलं, तुमच्या त्या बायकांचं प्रात्यक्षिक होईल का? बाईंच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी संचलनाच्या दिवसांनंतर प्रथमच पाहिली. पुढच्या रविवारपासून अंगणात चुन्याच्या रेघा पडल्या. शिट्टी वाजायला लागली. "एक-दोन, एक-दोन, सगळ्यांचे हात एका उंचीवर! मावशी, खाली, अजून खाली, ओळ बिघडतेय!" मावशी गेली अजून खाली. मीही माझी मनगटं सगळ्यांच्या बरोबरीनं फिरवली. आम्हाला बाईंना खूश करायचं होतं.

मंगळवारी माझी मनगटं सुजली. पुढच्या रविवारी मावशी आलीच नाही.

बाई आणि मी तिच्या घरी गेलो. ओटीवर खाटेवर ती पडलेली होती, गुडघा भोपळ्यासारखा. समोर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि तिची सून ते उलटवत होती. बाजार बुडाला होता, आणि सुनेची पाठ आमच्याकडे होती. बाई मावशीच्या पायाशी उभ्या राहिल्या. मावशीच म्हणाली,

"बस गो बाय. तुजा दोष नाय. तू शिट्टी वाजवली, नि मी लहान पोरीवानी खाली गेली. माजीच अक्कल कुटं गेलती?"

"नाही मावशी," बाई म्हणाल्या. "चूक माझी. मी ओळ बघत होते. तुझा गुडघा बघितलाच नाही."

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली होती. 'चूक माझी' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. सुनेनं मागं वळून पाहिलं.

"झाली तर झाली," मावशी म्हणाली. "गुडगा उतरला का मी येतंय. पन ती शिट्टी घरी ठेव."

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. "ऑफिस, आमचं प्रात्यक्षिक रद्द. छापायला दिलं असेल तर खोडा." मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. "दाखवण्यासारखं नाही ते," बाई म्हणाल्या. "करण्यासारखं आहे." शिट्टी त्यांनी क्रीडासाहित्याच्या कपाटात ठेवून दिली. गळ्याला तिची इतकी सवय होती की बोलताना कितीतरी दिवस त्यांचा हात छातीशी जायचा आणि रिकामाच खाली यायचा.

त्यांना खरी भीती होती ती म्हातारीची. संध्याकाळी दवाखान्यामागे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, खाली बघत. म्हातारी ऐकता ऐकता हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली, "अच्छा हुआ, सीटी. अब सीखना चालू."

आणि खरोखरच तिथून पुढे बाईंचं शिकवणं बदललं. मोजणं बंद झालं. कुणाचा हात कानापर्यंत जायचा, कुणाचा खांद्यापर्यंत. कुणी खुर्चीत बसून करायची, कुणी भिंतीला टेकून. अंगणातल्या रेघा कधीतरी शेणसड्यात मिटल्या. मावशी तिसऱ्या आठवड्यात परत आली, येताना एक लाकडी घडवंची घेऊन. ती तिच्यावर टेकायची, वाटलं तर उभी राहायची. उन्हाळा लागेपर्यंत ती पुन्हा पाटी घेऊन बाजाराला जायला लागली. पाटी मात्र आता अर्धीच भरत असे. "अर्दी तं अर्दी," ती म्हणायची. "जाते हाय ना?"

माझी जूनची तारीख जवळ आली. बोटांचा भरवसा नव्हता. बाईंनी मला शाळेच्या रिकाम्या वर्गात नेलं. मे महिना, खिडकीतून झळा येत होत्या. "लिही," त्या म्हणाल्या. मी खडू धरला आणि दोन शब्दांतच बोटं आखडली.

"बोटांनी लिहू नकोस."

"मग कशानं लिहू?"

"फळा कशानं पुसतेस अंगणात? खांद्यापासून. कमरेपासून. बोटांनी नुसता खडू सांभाळायचा. दोरा बांधू या का त्याला?"

खडूला आम्ही जाड कापडाची चिंधी गुंडाळली म्हणजे तो पकडायला सोपा झाला. मग मी पाय जरा लांब ठेवून उभी राहिले, गुडघे सैल सोडले, आणि सगळ्या हातानं लिहिलं. अक्षरं वितीएवढी आली. एका फळ्यावर जेमतेम दोन ओळी मावल्या. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिथून त्यांनी त्या ओळी मोठ्यानं वाचल्या. "इथून दिसतंय," त्या म्हणाल्या. "पूर्वी तुझं अक्षर इथून कुणाला वाचता येत नव्हतं. मला माहीत आहे, मी पोरींना विचारलं होतं."

जूनमध्ये मी रुजू झाले. थोडं लिहायचे, उरलेलं मुली पुस्तकातून मोठ्यानं वाचायच्या. मुख्याध्यापकांनी दुसरी सोय पाहिली नाही. आमवात गेला नाही. बोटं जी वाकडी झाली ती वाकडीच राहिली, काही सकाळी अजूनही मी अंथरुणात पडून अंगठ्याला विचारते. पण माझी वेणी पुढे मीच घालायला लागले, आणि एके दिवशी वहिनी कंगवा घेऊन आली तेव्हा माझी वेणी झालेली पाहून ती खाली बसून रडली, ते मला आठवतं.

नव्वदच्या आसपास दातांच्या डॉक्टरांचं कुटुंब कॅनडाला गेलं. तिथं त्यांची बहीण होती. आम्ही पालघर स्टेशनवर निरोप द्यायला गेलो. मावशीनं घट्ट बांधून सुके बोंबील दिले होते. डॉक्टर म्हणाले, विमानात वास येईल. म्हातारीनं पुडकं त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या पिशवीत घातलं. बाई आणि ती समोरासमोर उभ्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा कधीच धड आली नव्हती. बाईंनी वाकून तिच्या पायांना हात लावला. म्हातारीनं त्यांना उठवलं नाही, त्या वाकल्या कशा आणि उठतायत कशा, तेच नीट बघत राहिली. बाई हळूहळू, आधाराशिवाय, सरळ झाल्या.

"हां," म्हातारी म्हणाली. एवढंच.

पुढे माझ्या भावाला तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत काम मिळालं आणि आम्ही बोईसरला राहायला आलो. मी शाळेसाठी पालघरला जाऊन-येऊन करत असे. आमच्या चाळीत आणि पलीकडे कुंभवलीच्या बाजूला कामगारांची कुटुंबं दाटीनं राहत. कितीतरी बायका दिवसभर पॅकिंगला उभ्या राहत आणि संध्याकाळी जिना चढताना कठडा धरून थांबत. दोघींना मी घरातच शिकवायला सुरुवात केली. त्यांनी आणखी दोघींना आणलं. मग चाळीमागच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी आम्ही जमू लागलो. वारा फिरला की केमिकलचा वास यायचा, तेव्हा जरा थांबायचं, वारा परत समुद्राकडून आला की पुढे चालू. मराठी, हिंदी, उडिया, सगळंच बोलणं चालायचं. 'पान खुडणं' कुणाला कळेना, तेव्हा एकीनं त्याचं 'भाजी तोडना' केलं.

मी बाईंना पत्रानं हे कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं नाही. त्या आता निवृत्त झाल्या होत्या, फारशा बाहेर पडत नाहीत असं ऐकलं होतं.

एका रविवारी सुरुवात करून मी जरा डोळे मिटले होते. उघडले तर मागच्या ओळीच्या टोकाला पांढरी साडी दिसली. बाई. न कळवता, एकट्या, माकुणसारहून बोईसरपर्यंत आलेल्या. पुढे न येता त्या मागेच उभ्या राहिल्या होत्या, बायकांच्या ओळीत. माझ्या हातांची लय चुकली.

त्यांच्या शेजारी पॅकिंगमधली एक बाई होती, बिहारकडची, दोनच महिन्यांपूर्वी यायला लागलेली. नवीन म्हातारी आलेली पाहून ती त्यांच्याकडे सरकली आणि मायेनं म्हणाली,

"अम्मा, पहली बार आई हो? डरो मत. मेरी तरफ देखो, जैसा मैं करूँ वैसा करो."

मी तोंड उघडलं. या कोण आहेत ते सगळ्यांना सांगावं, म्हणून. बाईंनी लांबूनच माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. मग त्या बाईकडे वळल्या, "अच्छा, बेटी," म्हणाल्या, आणि तिच्या हातांकडे लक्ष ठेवून आपले हात तिच्यामागून हळूहळू वर न्यायला लागल्या.